जहाजावरून आलेला माणूस

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये तो कंत्राटी झाडलोटीला आला. आधी मोठ्या पर्यटक जहाजावर खोल्या आवरायचा. जेवणाच्या सुट्टीत तो, जहाजावर पाहुण्यांसाठी टॉवेलचे करायचा तसा, हात पुसायच्या फडक्याचा हत्ती करून दाखवायचा आणि माझ्याजवळ बसलेले सगळे उठून त्याच्याकडे जायचे. माझा जळफळाट व्हायचा.

"काय राव, बुडालं का जहाज?" मी एकदा टोचलं.

"न्हाई भाऊ. साथ आली, लोकांनी बुकिंग रद्द केलं. रिकाम्या खोलीत चादर कुणासाठी बदलायची?" तो हसला. "तुमी चालवता ते लेथ मशीन मला शिकवा. मालक ठेवून घेतो म्हणालेत."

"शिकवतो की," म्हणालो आणि टाळत राहिलो. कंत्राट संपलं, तो गेला.

वेळच मिळाला नाही, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे फडक्याचा हत्ती करणारा त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता.