खिडकीतला कूलर

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, मी अजून माफ केलेलं नाही. लोक म्हणतात, घरातल्या गोष्टी घरातच विसराव्यात. ज्याचं जळतं त्याला कळतं, एवढंच मी म्हणते.

सोनपेठला आमचं घर तीन खोल्यांचं, स्लॅबचं. मागची खोली आमची: मी, नवरा आणि मुलगी. त्या खोलीला एकच खिडकी, आणि त्या खिडकीत मामांचा पत्र्याचा कूलर. परभणीहून टेम्पोत घालून आणलेला, लोखंडी अँगल भिंतीत सिमेंटनं पक्के करून बसवलेला. उन्हाळ्यात त्याच्या जिवावर अख्खं घर झोपायचं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मिरग लागला की मामा त्याच्यावर ताडपत्री घालायचे, सुतळीनं करकचून आवळायचे, आणि खिडकी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हेच चालतं.

पावसाळ्यात ओले कपडेही त्याच खोलीत वाळायचे. आधी कपाटामागची भिंत करडी झाली, मग काळी. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. तिला खोकल्याची उबळ यायची आणि छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, औषध देतो, पण खोली कोरडी ठेवा, हवा खेळती ठेवा, बुरशी पुसून काढा. मी पदर खोचून कामाला लागले. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. कपड्यांची दोरी सोडून ओसरीत बांधली. नाकातोंडाला ओढणी गुंडाळून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं भिंत घासली, पंखा लावून वाळवली. आठ दिवसांत काळे ठिपके पुन्हा हजर. ओलीला बाहेर पडायला वाटच नव्हती, तर ती जाणार कुठून?

एकदा जेवताना मी विचारलं, "मामा, पावसाळ्यापुरता कूलर काढू या का?"

"काढला की पुन्हा बसवताना भिंत फोडावी लागती. आन कूलरनं कुठं दमा होतो का? आमच्या घराण्यात कुणाला दमा न्हाई. तुझा बापच लय खोकायचा. तिकडचंच रक्त हाय ते."

माझ्या वडिलांनी जन्मभर जिनिंगमध्ये कापसाची धूळ खाल्ली होती. त्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. नवरा मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. त्या दिवशी मी मनाशी खूणगाठ बांधली की हा शब्द व्याजासकट परत करायचा.

दोन पावसाळे लेक तशीच खोकत राहिली. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात मला संधी मिळाली. महालक्ष्म्या आमच्याकडे मधल्या खोलीत बसतात. मी म्हणाले, यंदा पुढच्या खोलीत बसवू, आरास मोठी करू, पण आधी चुना मारून घेऊ. पुढची खोली मामांची. देवीच्या कामाला नाही कोण म्हणणार? त्यांची खाट मी स्वतः मागच्या खोलीत नेली, कपाट बाजूला सारलं आणि खाट बरोबर त्या काळ्या भिंतीला चिकटवून लावली. आम्ही तिघं मधल्या खोलीत आलो. भिंत पुसणं मी बंद केलं. चुन्याचा पहिला हात वाळला नाही म्हणून दुसरा लांबवला. हे सगळं मी थंड डोक्यानं केलं आणि करताना मला फार बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी मामा खोकायला लागले. सातव्या दिवशी दुपारी खाटेवर उठून बसले. डोळ्यांत पाणी, श्वास पुरेना. मी तांब्याभर पाणी घेऊन गेले आणि दोन वर्षं जपून ठेवलेलं वाक्य त्यांच्या तोंडावर टाकलं.

"मामा, माझ्या बापाचं रक्त तुम्हाला कवा चढलं?"

नवऱ्यानं धावत जाऊन वेल्डर आणला, अँगल कापले आणि कूलर अंगणात उतरवला. माझ्या लेकीनं दोन पावसाळे खोकून जो इंचभर हलला नव्हता, तो म्हाताऱ्याच्या दोन दिवसांच्या खोकल्यानं हलला. मी जिंकले होते, आणि मला आणखीच राग आला होता.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. दप्तर न काढताच ती मामांजवळ गेली.

"आबा, आडवं पडू नका. पुढं वाका, हात गुडघ्यावर ठिवा. बोलू नका. मी मोजते. वीस झाले की बरं वाटतंय."

ती मोजायला लागली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी चुलीपाशी असताना ती त्या खोलीत एकटीच मोजत असणार.

मामांना डॉक्टरांकडे नेलं, औषध घेऊन ते दोन-चार दिवसांत बरे झाले. मग एकदा वेणी घालून घेताना लेकीनं विचारलं, "आई, त्या भिंतीनं खोकला येतो, तुला माहीत होतं ना?"

"हो."

"मग आबांना तिथं कामून झोपवलंस?"

"चुना मारायचा होता म्हणून," मी म्हणाले. ती आठ वर्षांची होती. आईचं खोटं ओळखायला तेवढं वय पुरतं.

मामांबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. खिडकी आता उघडी असते, भिंत कोरडी आहे, लेकीचा खोकला पुष्कळ कमी झालाय. पण अजून कधीमधी उबळ येते, तेव्हा ती मला हाक मारत नाही. आबांना हाक मारते.