प्रविणचे रोहू

पेणजवळच्या खारेपाटात माशांच्या बाबतीत शिवाशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. अर्धं आयुष्य मिठागरात गेलेलं, उरलेलं खाडीच्या बांधावर. दारातल्या तळ्यात जिताडा पाळायचा आणि पाहुणा आला की गळ टाकून काढायचा, हा त्याच्या घरचा रिवाज. तळ्यातलं पाणी उतरलं की उधाणाच्या भरतीला बांधातली उघाडीची फळी उचलायची आणि खाडीचं पाणी आत घ्यायचं. जिताड्याला खारं काय नि गोडं काय, दोन्ही मानवतं.

त्याचा पोरगा प्रविण मात्र भलताच निघाला. रोह्याला कंपनीत शिफ्ट करायचा, मोटारसायकलनं ये-जा. एका पावसाळ्यात पठ्ठ्यानं कोलाडकडून पिशव्या भरून रोहूचं बीज आणलं आणि बापाला न विचारता तळ्यात सोडून दिलं. शिवाचं डोकं फिरलं.

"जिताड्याच्या तलावात ही चिखल खानारी जात? माज्या घरात रोहू शिजायचा नाय, सांगून ठेवतो!"

प्रविण हसला. "बाबा, वाढू दे तरी. पयला मासा तूच काढ, तूच खा. नाय आवडला तर नाद सोडतो."

शिवानं तोंड फिरवलं. तेव्हापासून बापलेकांचं सगळं बोलणं व्हायचं, पण माशांचा विषय निघाला की शिवा उठून जायचा. प्रविणनं उघाडी चिखलमातीनं ठासून बंद केली. का केली, हे बापानं विचारलं नाही आणि पोरानं सांगितलं नाही. गळती होत असेल, असं शिवानं मनाशीच ठरवून टाकलं. एवढा शहाणा माणूस, पण हट्टाला पेटला की आंधळा!

प्रविण कामावरून आला की कोंडा-पेंड टाकायचा, मग गळाला कणकेची गोळी लावून बसायचा. मासा लागला की हातात तोलून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. "पयला बाबाचा," असं आईला ओरडून सांगायचा. शिवा पडवीत बसून सगळं ऐकायचा आणि बहिऱ्याचं सोंग घ्यायचा.

आणि एका वैशाखात शिफ्ट सुटून घरी येताना, नागोठण्याच्या पुढं प्रविणला ट्रकनं उडवलं. जागच्या जागी गेला.

शिवा पार मोडला. ज्या माशांना शिव्या घातल्या, त्यांनाच तो आता सकाळ-संध्याकाळ कोंडा टाकू लागला. काठावर कुणाला गळ घेऊन फिरकू देईना. प्रविणचा दोस्त धनेश एकदा म्हणाला, "काका, मासं चांगलं मोठं झालेत, काडूया काय?" तर शिवा त्याच्या अंगावर धावून गेला.

वर्षश्राद्धाच्या जेवणाला गेलेल्याच्या आवडीचं पान वाढायची त्यांच्यात रीत. सीताबाईनं नवऱ्याला विचारलं, "पोराच्या पानात काय वाडायचा?"

"त्याचाच रोहू," शिवा म्हणाला. "त्या दिवशी मी गळ टाकीन गो. त्याच्या पानात वाड, मंग माज्या. म्या त्याचा ऐकला नाय, आता तरी ऐकू दे."

बस्स, एवढ्यासाठी तो जगत होता म्हणा ना.

पण त्या उन्हाळ्यात तळं फारच आटलं. जेवण आठवड्यावर आलं आणि मासे वर येऊन तोंडं उघडू लागले, हवेसाठी तडफडू लागले. शिवाला ते बघवेना. उपाय त्याला एकच ठाऊक, बापजाद्यांनी शिकवलेला. अमावास्येला भरदुपारी भरती बांधाला लागली, तसा तो कुदळ घेऊन गेला, उघाडीतली माती उकरली आणि फळी उचलली. खाडी धो धो आत आली.

"प्या रं बाबांनो, प्या!" असं ओरडत म्हातारा वर्षात पहिल्यांदा हसला.

भाताला खारं चढलं की शेत जळतं, हे तो लहानपणापासून बघत आलेला. पण खाऱ्यानं मासा मरतो, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं.

बांधावरून धनेश धावत आला. "काका, फळी पाडा! ह्यी गोड्या पाण्याची जात, खाऱ्यात नाय जगत!"

दोघांनी जीव खाऊन फळी दाबली. पाण्याच्या जोरापुढं ती खाली जाईना. भरती उतरेपर्यंत मासे उलटेपालटे होत राहिले, मग एकेक करून पांढरी पोटं वर आली.

शिवा कमरेएवढ्या पाण्यात एक रोहू दोन्ही हातांत धरून मागं-पुढं हलवत राहिला, जीव येईल म्हणून. सीताबाई लुगडं खोचून आत उतरली.

"पोराला ट्रकनं मारला गो," शिवा म्हणाला. "त्याच्या मागं जा राहिला, त्याला म्या मारला."

"गप ऱ्हावा. त्यांचा जीव जात होता, तुमी पानीच दिलात त्यांना." तिनं त्याच्या हातातला मासा घेतला आणि घरात नेला.

जेवणाच्या दिवसाची वाट तिनं पाहिली नाही. दिवेलागणीला त्या घरात पहिल्यांदा रोहू शिजला. तिनं प्रविणचं पान वाढलं, मग नवऱ्याचं. शिवानं कालवण भातावर ओढलं. मग त्यानं एक घास घेतला, चावला, आणि लहान पोरासारखा हंबरडा फोडला.

"चांगला लागतो गो," तो म्हणाला. "चांगला लागतो. आता कुनाला सांगू?"