सातव्या होलचा पाचवा टोला

एक्स-रेबाईंचे यजमान जाऊन पाच आठवडे झाले होते, आणि या पाच आठवड्यांत बाई एकदाही रडल्या नव्हत्या. मन घट्ट केलं होतं वगैरे काही समजू नका. रडूच येत नव्हतं, त्याला काय करणार! उठायच्या, भाजी चिरायच्या, वर्तमानपत्र न उघडता रद्दीवर ठेवायच्या. मंगळवारी आणि शुक्रवारी मैदानावर जाऊन गोल्फचे नऊ होल खेळून यायच्या. चेंडू सरळ गेला काय आणि झुडपात घुसला काय, त्यांना सगळं सारखंच.

"ताई, एकदा मोकळेपणी रडून घे गं," धाकटी बहीण रोज फोनवर म्हणायची.

"येईल तेव्हा रडेन. म्हणून काय बसची वाट बघतात तशी थांब्यावर उभी राहू?" एवढं बोलून बाई फोन ठेवायच्या.

गोल्फचं मैदान म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बडी मंडळी आणि मोठाल्या गाड्या उभ्या राहतील. ते विसरा. हे मैदान म्हणजे पाण्याची टाकी आणि बसडेपो यांच्यामधली चिंचोळी जागा. नऊ होल, सगळे तोकडे, तीन टोल्यांत चेंडू भोकात जावा एवढीच अपेक्षा. खेळायला येणारे पोस्टातले, शिंपी, निवृत्त मास्तर. दीड तासात खेळ आटपायचा आणि जाताना भाजी घेऊन घरी. बाईंनी एका इस्पितळात चौतीस वर्षं एक्स-रे काढले होते, आणि त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. दोघांचाही जन्म बारीक बघण्यात गेला. त्यामुळे त्या घरात कुणाचंच काही खपून जायचं नाही.

मैदानावरची रीत अशी, की आपले टोले आपण लिहायचे नाहीत. माझं कार्ड तू लिही, तुझं मी लिहिते. शेवटी ज्याचे टोले त्याने खाली सही करायची, म्हणजे आकडे कबूल. सही नसेल तर कार्ड बाद. अकरा वर्षं घड्याळजींचं कार्ड बाईच लिहीत आल्या, आणि अकरा वर्षं घड्याळजी गळ घालत आले, "अगं, एक कमी लिही ना. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," बाई म्हणायच्या. एक टोला म्हणून कधी सोडला नाही.

शेवटचा डाव वार्षिक चषकाचा होता. त्या दिवशी घड्याळजींच्या हाताला काय यश आलं होतं कोण जाणे, सहा होल त्यांनी सपासप उरकले. सातव्याला चेंडू उंच गवताच्या कडेला जाऊन बसला. टोला मारायला त्यांनी चेंडूमागे काठी टेकवली आणि चेंडू हलला. हलला म्हणजे किती? तांदळाच्या दाण्याएवढा. पण खेळणाऱ्याच्या हातून हलला की एक टोला दंड. वाऱ्याने हलला तर माफ.

"हलला," बाई म्हणाल्या.

"वारा आला."

"अहो, पानसुद्धा हलत नाहीये."

"तुझं आपलं काहीतरीच! गवताचीही हाडं दिसतात का तुला?"

घड्याळजींनी चार टोल्यांत चेंडू भोकात घातला. बाईंनी पाच लिहिले.

चार असते तर चषक घड्याळजींचा होता. पाच झाल्यावर सलूनवाल्याशी बरोबरी झाली, आणि बरोबरी झाली की चषक गेल्या वर्षीच्या विजेत्याकडेच राहायचा. तो विजेताही सलूनवालाच! घड्याळजींचा तिळपापड झाला. बाईंच्या हातातलं कार्ड हिसकावून त्यांनी जॅकेटच्या खिशात कोंबलं. "सही करतोय होय! वाट बघ."

घरी अबोला. आणि बाईंनाही काही कमी समजू नका. आधी सही, मग बोलणं, असं त्याही हटून बसल्या. दोन दिवस दोघं एका टेबलावर मुकाट्याने जेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी घड्याळजी दुकानात स्टुलावर बसल्या बसल्या गेले. शेवटचं काय बोलले, असं लोक विचारायचे. बाई काय सांगणार, कपाळ?

तर पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी मैदानावरच्या कारकुनाने बाईंना गाठलं. "बाई, चषक अडकून पडलाय. उद्या संध्याकाळपर्यंत कार्ड आणून द्या. आणि सातव्याचे तुम्ही चार म्हणालात तर चार. सलूनवालाही म्हणतोय, देऊन टाका त्यांना. फळ्यावर नाव लावू. सहीचं आम्ही बघून घेऊ."

"चेंडू हलला होता."

"अहो बाई, माणूस गेला. चेंडूचं काय घेऊन बसलात?"

बहिणीनेही फोनवर तेच लावून धरलं. "जन्मभर एक टोला सोडला नाहीस त्यांना. आता तरी सोड की गं ताई!"

"बरं," बाई म्हणाल्या.

एवढं सोपं! चौतीस वर्षांत डॉक्टर ओरडले तरी ज्या बाईने धूसर फोटो चालवून घेतला नाही, ती म्हणे बरं. भांडायला अंगात काही उरलंच नव्हतं. चार तर चार. खोटं लिहायचं म्हणून वाईट वाटावं, तर तेही वाटेना.

शनिवारी दुपारी त्यांनी दारामागचं जॅकेट काढलं. पाच आठवडे त्याला हात लावला नव्हता. खिशातून चुरगळलेलं कार्ड काढून टेबलावर तळहाताने सपाट केलं, चष्मा लावला, खोडरबर घेतला. सातव्या रकान्यात त्यांच्या पेन्सिलीचा पाच तसाच होता. त्यावर खोडरबर टेकवला आणि नजर खाली गेली.

खाली सही होती. दुकानातल्या निळ्या पेनाने केलेली, घड्याळजींची. कशावरही सही केली की शेजारी वेळ घालायची त्यांची खोड. इथेही घातली होती. चषकाच्या डावाच्याच दिवसाची तारीख, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. भांडण झालं होतं चारला.

बाईंनी ते दोनदा वाचलं.

"अहो, मग सांगायचं नाही का!" त्या एकदम ओरडल्या. "दोन तासांत सही करून मोकळे झालात, आणि दोन दिवस तोंड फुगवून बसलात? मी झोपेचं सोंग घेऊन पडले होते, तुम्ही आधी बोलाल म्हणून! एवढं काय जड होतं जिभेला? दोन दिवस, अहो! चांगले धडधाकट होतात, समोर बसला होतात, आणि फुकट घालवलेत ते दोन दिवस! आणि मीही मेली मूर्ख, खिसा बघितला नाही!"

आवाज इतका चढला की शेजारीण दार वाजवायला लागली. बाईंनी दार उघडलं नाही. जॅकेटच्या दोन्ही बाह्या मुठीत धरून त्या भांडत राहिल्या, आणि भांडता भांडता कधी हुंदके द्यायला लागल्या ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

संध्याकाळी कार्ड कारकुनाकडे गेलं ते पाचाचंच. चषक सलूनवाल्याने नेला. बाई मात्र पुढे कितीतरी दिवस, भाजी चिरतानासुद्धा, घड्याळजींशी त्या दोन दिवसांवरून भांडत होत्या.