बावाजींचं पांढरं फडकं

२०१७ साल. मी बासष्ट वर्षांचा, बावाजी सत्तरीपुढचे. खिशात पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा घेऊन फिरणारा त्यांच्यासारखा दुसरा माणूस मी पाहिला नाही. चहा असो, वरण असो, आधी थेंब फडक्यावर. सुरतेजवळ कडोदऱ्याच्या डाइंग मिलमध्ये ते रंगमास्तर होते, मी त्यांच्या हाताखाली रंग ढवळणारा. शिकलो चौथी, पण रंग कच्चा की पक्का हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बावाजी म्हणायचे, "माणूस खोटं बोलेल, कापड नाही बोलणार."

मी पाचोऱ्याचा, म्हणून त्यांनी मला जन्मभर 'पाचोरा'च म्हटलं. मिलमधलं काम सुटलं तसा सुरतेत त्यांच्याच घरी स्वयंपाकाला राहिलो. घरात आम्ही दोघंच. त्यांच्या बाईसाहेब नऊ वर्षांपूर्वी रागावून मुंबईला बहिणीकडे गेल्या होत्या.

आणि एक दिवस बाईंचा फोन आला. "शनिवारी जेवायला येते. बरं वाटलं तर राहीन."

बावाजींची झोपच उडाली. लग्नानंतर मशीन शिकायला दोघं इटलीला गेले होते. तिथली एक लाल वाइन बाईंना फार आवडलेली. नाव बावाजी विसरले होते. "हे तिला कळलं ना पाचोरा, तर ती चप्पलसुद्धा काढणार नाही."

गुजरातेत दारूबंदी. पण बावाजींकडे तब्येतीचं परमिट होतं, आणि बाई बाहेरच्या राज्यातून परमिट काढूनच येणार होत्या. हॉटेलातल्या दुकानातून इटलीच्या दोन बाटल्या आल्या. शनिवारी दुपारी दोन्ही उघडल्या, खिडकीच्या उजेडात फडक्यावर एकेक थेंब टाकला. एक जांभळासारखी गडद. दुसरी पातळ, कडेला विटकरी.

"ही उतरलेली," मी म्हणालो. "असा माल पार्टीनं परत पाठवला असता."

"पण वास हिचा बरा आहे रे..."

"नाकानं कधी शेड पास केली का तुम्ही?"

त्यांनी फडकं बेसिनजवळ वाळत टाकलं. गडद बाटली टेबलावर गेली. पातळ मी मटणाच्या रश्शात लागेल तेवढी ओतली.

सातला बाई आल्या. चप्पल पायातच. एक घोट घेऊन म्हणाल्या, "छान आहे," आणि ग्लास खाली ठेवला. पुन्हा उचललाच नाही. बावाजी त्यांच्या ताटात रस्साच वाढत राहिले.

बाई हात धुवायला उठल्या. बेसिनजवळ फडकं वाळत होतं. त्यावरची विटकरी कड त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"मास्तर, ती वाइन अशीच होती ना? कुठाय ती?"

बावाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याकडे.

"रश्शात?" बाई ओरडल्या.

"अर्धी शिल्लक आहे," मी म्हणालो.

बाई खुर्चीचा आधार घेऊन हसल्या. "चांगली जुनी वाइन अशी पातळच दिसते! जन्म गेला रंगात, दोघांचाही!"

"मी नाव विसरलो होतो," बावाजी एकदम बोलून गेले.

"मला तरी कुठे आठवतंय!" म्हणत बाईंनी टेबलाखाली चप्पल काढली.

पुढे चार वर्षांनी बावाजी गेले. फडकं बाईंनी कपाटात ठेवलंय, मला हात लावू देत नाहीत. माझं चुकलं असं मी त्या संध्याकाळी म्हणालो नाही, अजूनही म्हणत नाही; रस्सा फर्मास झाला होता. फक्त त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो आणि कुणी न सांगता दुधाची एक पिशवी जास्त आणली.