वेणी ओढली, पडले नाही

तळवलीच्या महिला कबड्डी संघात जयमाला वयाने सगळ्यांत मोठी, एकेचाळीसची. दिवसा ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत हाउसकीपिंग सुपरवायझर, संध्याकाळी मैदानात. "आता पोरींना खेळू दे," असं गावाने सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

गावच्या स्पर्धेच्या फायनलला शेवटची चढाई तिची होती. एका पोरीला शिवून ती परतत होती. मध्यरेषा वीतभर राहिली असताना मागून कुणीतरी तिची वेणी धरून जोरात हिसका दिला. ती बसकन खाली आली. डोकं जमिनीला टेकलंसुद्धा नाही. पंच शहाजी यांनी तिला बाद ठरवलं.

"केस धरले तिने! फाऊल आहे!" जयमाला ओरडली.

"मला दिसलं नाही," शहाजी म्हणाले. सामना एका गुणाने गेला.

दुसऱ्या दिवशी टाळू मऊ लागली, पाणी भरल्यासारखी. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावर उतरली, पापण्या काळ्यानिळ्या झाल्या. सासू पुतळाबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. "बस हतं. चोलून देते, उतरंल."

पण जयमालाला चक्कर येत होती. नवरा धनेश तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. डॉक्टर स्मिता यांनी सीटी स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या केल्या. कवटी शाबूत होती, मेंदूत रक्त नव्हतं.

"डोक्याची कातडी आणि हाड यांच्यामध्ये एक सैल थर असतो," त्या म्हणाल्या. "मार लागला किंवा केस जोरात ओढले, की तिथल्या बारीक शिरा तुटतात. त्या थराला आडकाठी नसते, म्हणून रक्त पसरत डोळ्यांपर्यंत येतं."

"सुईने काढून टाका ना," धनेश म्हणाला.

"लगेच नाही. सुईतून जंतू आत गेले तर पू होईल. दाबून पट्टी बांधू, बाकीचं शरीर हळूहळू शोषून घेईल. तीन-चार आठवडे लागतील. चोळायचं नाही, मनाने गोळ्या घ्यायच्या नाहीत. उलटी, ताप, गुंगी, डोकं फार दुखलं, किंवा सूज वाढली, तर लगेच या."

नर्सने कागदावर लिहिलं होतं, 'पडल्याने दुखापत'. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळातून हॉस्पिटलला फोनच तसा आला होता. जयमालाने कागद नर्सकडे परत सरकवला.

"मी पडले नाही. मला ओढलं. तेच लिहा."

डॉक्टरांनी पुन्हा तिची टाळू तपासली, केसांची मुळं पाहिली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, 'केस ओढल्यामुळे'.

रविवारी ती मंडळाच्या बैठकीला गेली. पट्टी बांधलेली, डोळे काळे. धनेश म्हणाला होता, डोक्यावरून पदर घे. तिने घेतला नाही. कागद तिने शहाजींच्या समोर टेबलावर ठेवला.

"वेणी कापून टाक, विषय संपला," शहाजी म्हणाले.

"केस माझे. ओढणारा हात तिचा. मग कात्री मी का लावू? नियम वाचा."

कुणी वाचेना, तेव्हा तिने नियमांचं पुस्तक उघडून स्वतः मोठ्याने वाचलं. चढाईपटूला हातापायाला किंवा धडाला धरता येतं. केसांना नाही. निकाल मात्र बदलला नाही, चषक समोरच्या संघाकडेच राहिला.

सूज उतरायला पाच आठवडे लागले. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली आणि ती मैदानात उतरली. त्याच वर्षी तिने कबड्डीची पंच परीक्षाही दिली. दोन गुणांनी हुकली. पुढच्या परीक्षेचा फॉर्म तिने निकालाच्याच दिवशी भरून टाकला.