जित्तेपणाचा मान

तोताराम नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा भडगावात त्यांना कुणी फारसं विचारत नव्हतं. कालव्यावरचा चौकीदार, सायकल आणि टॉर्च, एवढीच त्यांची शान. पण पेन्शन सुरू झाली आणि नानांचा भाव एकदम वधारला. बाजारात कांदा महागला की सरकार भत्ता वाढवायचं, आणि भत्ता वाढला की सून सुनंदा नानांच्या वरणात तुपाची धार वाढवायची. मुलगा अभिमन, जो नोकरीच्या काळात बापाशी जेमतेम बोलायचा, तो आता सकाळी उठल्याबरोबर विचारायचा, "नाना, झोप लागली ना?" नाना शिंकले तरी घरात धावपळ व्हायची.

त्यांचे साडू छगनभाऊ यांची गोष्ट उलटी. धुळ्याच्या एका गिरणीत त्यांनी उभा जन्म काढला. गिरणी बंद पडली, फंडाचे पैसे एकदम हातात आले आणि पोरीच्या लग्नात एकदम गेले. खाजगीवाल्यांनाही पेन्शन लागू झाली असं नंतर पेपरात आलं, पण तोवर छगनभाऊ गिरणीतून बाहेर पडून भडगावजवळ भावाच्या शेतावर राखणीला बसले होते. त्यांच्या शिंकेची दखल घेणारं जगात कुणी नव्हतं. त्यामुळे ते वाटेल ते खायचे, वाटेल तिथे झोपायचे आणि ठणठणीत होते.

नानांचा जीव मात्र एकाच गोष्टीसाठी तुटायचा: भरीत. डॉक्टरांनी एकदा सहज म्हटलं होतं, "तेल-मिरची जरा जपून." त्या 'जरा'चं घरच्यांनी 'अजिबात' करून टाकलं. खानदेशात जन्मून तीन हिवाळे भरीत नाही! गिरणा नदीकाठी भरीत-पार्ट्या व्हायच्या, भाजलेल्या वांग्यांचा वास गल्लीत यायचा, आणि नाना मुगाच्या खिचडीपुढे बसलेले.

"एक घास खाऊ दे," ते बायकोला, बेबाबाईला, म्हणायचे.

"घास खाशात नि पेन्शन खाई टाकशात!" बेबाबाई म्हणायची. तिथे विषय संपायचा.

त्या वर्षी नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे बँकेत हयातीचा दाखला द्यायला वरात निघाली. नानांना कानटोपी, मफलर, वर स्वेटर. उजवीकडे अभिमन, डावीकडे बेबाबाई. सहज म्हणून छगनभाऊही मागोमाग निघाले. नानांनी सही केली, साहेबांनी नानांचा चेहरा पाहिला, शिक्का मारला. नाना अजून एक वर्ष सरकारमान्य जिवंत झाले. ते पाहून छगनभाऊंना राहवलं नाही. ते खिडकीपुढे सरकले.

"साहेब, मी भी जित्ता शे. मनं नाव भी लिखी ल्या."

"तुमची पेन्शन कुठली?"

"नही ना भाऊ. गिरणीमा होतू."

"मग तुमच्या जिवंत असण्याशी आम्हाला काय घेणं, आबा?"

बँकेत हशा पिकला. छगनभाऊही हसले, पण जरा उशिरा.

तेवढ्यात बेबाबाईने पदर सावरून साहेबांना विचारलं, "यांना काही झालं, देव न करो, तर मग?"

"काळजी करू नका अक्का. नानांच्या मागे तुम्हाला पेन्शन चालू राहील. निम्म्याच्या आसपास, पण जन्मभर."

 परतीच्या वाटेत बेबाबाई नानांना सोडून चार पावलं पुढे चालत होती, हे छगनभाऊंनी बरोबर टिपलं आणि नानांना कोपराने ढोसलं.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी बेबाबाई नवऱ्याला म्हणाली, "भाऊजींकडे मळ्यात भरीत शे म्हणे. जा ना, खाई या."

तीन वर्षं ज्यासाठी भांडलो ते असं न मागता मिळालं म्हणताच नानांना संशय आला. तरी ते गेले. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली होती, बडगी म्हणतात त्या लाकडी भांड्यात ठेचली होती, वर कच्च्या तेलाची धार, मिरच्या, कांद्याची पात. केळीच्या पानावर वाढलं. नानांनी घास उचलला आणि तोंडाशी नेऊन परत ठेवला.

"काय झालं नाना?" छगनभाऊंनी विचारलं.

"छगन, काल साहेबानं निम्मी सांगितली, अन् आज हिनं भरीत खायला धाडलं. तुला काय वाटतं?"

छगनभाऊंनी मिरची कडाकड चावली. "माले काय वाटी? मना मांगे मनी बायको पुष्पाले मनी तंबाखूनी डबी भेटी. म्हणीसन मी निवांत जेवस."

नाना उपाशीच घरी आले. ओसरीवर बेबाबाई लसूण सोलत होती. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

"खरं सांग. निम्मी मिळणार म्हणून धाडलंस?"

बेबाबाईने मानही वर केली नाही. "निम्मीमा मनं भागत नही. माले पुरी पेन्शननी सवय पडी जायेल शे."

"मग धाडलं कशाला?"

"बँकेत तुमचं ते कानटोपीतलं तोंड पाहिलं. साहेबानं जित्ता लिहिलं, पण माले काही पटलं नही." ती उठली, आत गेली, आणि ताटात भाकरी अन् हिरव्या मिरचीचा ठेचा घेऊन आली. "बसा. माझ्यासमोर खा."

नानांनी पहिला घास घेतला आणि ठसका लागला. खराखुरा, डोळ्यांत पाणी आणणारा. पाणी द्यायला उचललेला तांब्या बेबाबाईच्या हातातून निसटला, पाणी ओसरीभर झालं, आणि ती नानांची पाठ थोपटत "अहो! अहो!" करत राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नानांनी तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून नीट पाहून घेतला.

मग ते आणखी एकदा खोकले. हा खोकला मात्र खोटा होता.