न बोलणारीची हजेरी

‘आज मुलांना माती दिली. सगळी एकदम शांत झाली.’

हे वाक्य माझं आहे आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. केडगावच्या माझ्या बालवाडीत त्या दिवशी मी कुंभाराकडून भिजवलेली माती आणली होती. तीस पोरं तासभर चकार शब्द न काढता बैल, चुली आणि पोळपाट करत बसली. एवढंच मला इतर गावांतल्या माझ्या शिक्षिका मैत्रिणींना कळवायचं होतं. दोन दिवसांनी शेजारच्या किराणा दुकानात माझ्यासाठी फोन आला. कोपरगावच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या होऊन विचारत होत्या, किती मुलं होती आणि झालं तरी काय. खेळायला दिली हो, तशी नाही दिली, असं मला भर दुकानात ओरडून सांगावं लागलं. दुकानदार त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याकडे विचित्र नजरेने पाहायचा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात नगरला बालवाडी शिक्षिकांचं दहा दिवसांचं शिबिर झालं. त्यात आम्हा सहाजणींचं गूळपीठ जमलं. शेवटच्या दिवशी रडारड झाली, वह्यांच्या मागच्या पानांवर पत्ते लिहून झाले. शिबिरातली मैत्री आणि एसटीतली ओळख सारखीच, उतरलं की संपली, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीच पुढाकार घेतला. पुढाकार घेणे हा माझा जुना आजार आहे.

नगरच्या दिल्ली दरवाज्याजवळ एका सरांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटर अडगळीत टाकून त्यांनी नुकतेच दोन संगणक मांडले होते आणि पाटीवर ‘इंटरनेट’ असं रंगवून घेतलं होतं. त्यांनी सहाजणींना सहा ईमेल काढून द्यायची तयारी दाखवली. मी म्हटलं, सहा कशाला? तीस पोरांना एक रंगपेटी पुरते, सहा बायकांना एक पत्ता पुरेल. तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच पत्ता आणि एकच पासवर्ड ठरला, ‘चिऊकाऊ’. जिला जेव्हा जमेल तेव्हा तिने जवळच्या इंटरनेटच्या दुकानात जायचं, आमच्याच पत्त्यावरून आमच्याच पत्त्याला पत्र टाकायचं आणि बाकीच्यांची वाचायची. सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, बाई, हे म्हणजे स्वतःच्याच घराची कडी वाजवण्यासारखं झालं. मी म्हटलं, वाजवू द्या, आत सहाजणी आहेत.

दर शनिवारी बालवाडी सुटली की मी शेअर रिक्षाने नगरला जायची. फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणारा सरांचा मोडेम आधी गुरगुरायचा, मग किंचाळायचा, मग हुंदके द्यायचा आणि दमला की एकदाचा लागायचा. बालवाडीतल्या जूनच्या पहिल्या आठवड्याची सवय असल्याने मला त्याचं काही वाटत नसे. खरी पंचाईत लिहिण्याची होती. मराठी अक्षरं त्या यंत्रात नव्हतीच. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं आणि वाचणारीने आपल्या नशिबाने वाचायचं. ‘काळा’ आणि ‘कला’ तिथे जुळ्या बहिणी. एकीने लिहिलं होतं, मुलांना पाटीवर गोल काढायला दिले, आणि मी वाचलं गूळ. मी आपली कळवून टाकलं की पाटीवर गूळ देऊ नये, मुंग्या येतात.

तरीही ते चाललं, आणि झकास चाललं. कोपरगावच्या बाईंनी चिंचोक्यांचा मोजणीचा खेळ पाठवला. एकीने रडणाऱ्या मुलाला पहिल्यांदा घंटा वाजवायला द्यायची युक्ती सांगितली. मी गाणी पाठवायची, कधी कधी उपदेशही. पण लिहीत होतो आम्ही पाचजणी. सहावी, नेवाशाच्या बाजूच्या एका खेड्यातली, आमच्यात सगळ्यात धाकटी, तिची एक ओळ नव्हती. जून गेला, दिवाळी गेली. शिबिरात हीच पोरगी रोज पहिल्या रांगेत बसायची आणि सगळं उतरवून घ्यायची.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. मला गप्प माणसांचा राग येतो. बोलणाऱ्याशी भांडता तरी येतं.

त्याच वर्षी माझ्या बालवाडीतही एक गप्प मूल होतं. चार वर्षांची मुलगी, विहाराच्या मागे राहायची. वडील गवंडी, आई एमआयडीसीत कामाला जायची. ही वेळेवर यायची, दाराजवळ बसायची, फ्रॉकची कड तोंडात धरायची आणि सुटेपर्यंत त्या कडेशिवाय कशालाही तोंड लावायची नाही. मी हजेरी घेताना नाव पुकारलं की बाकीची पोरं छप्पर उडेल एवढ्या मोठ्याने ‘हजर’ ओरडायची. ही नुसती बघायची. मी सांगून टाकलं, जो हजर म्हणणार नाही तो गैरहजर. आणि सांगायला लाज वाटते, पहिले पंधरा दिवस ती समोर बसलेली असताना मी तिच्या नावापुढे फुली मारली. आमच्या मदतनीस मावशी एकदा म्हणाल्या की बाई, ती बसलेली दिसती की. तेव्हापासून मी तिला हजर लिहू लागले, पण शिसपेन्सिलीने. बोलली की शाईने करू, असा माझा हिशेब.

डिसेंबरात एका शनिवारी मी संगणकासमोर बसले आणि नेवाशाच्या त्या गप्प सहावीवर माझं डोकं फिरलं. आम्ही राबून राबून लिहायचं आणि हिने फुकट वाचायचं, किंवा त्याहून वाईट, वाचायचंही नाही. आयत्या बिळावर नागोबा. मी सरांकडून पासवर्ड कसा बदलायचा ते विचारून घेतलं आणि नवा ठेवला, ‘बोला मग’. मग चौघींना पोस्टकार्डं टाकली, की नवा पासवर्ड हा हा, सहावीला कळवू नये. गुप्त शब्द उघड्या कार्डावर लिहून पोस्टात टाकणारी मी बहुधा जिल्ह्यातली पहिलीच. पोस्टमनसकट सगळ्यांना पासवर्ड कळला, एक तिला सोडून. कोपरगावच्या बाईंनी उलट टपाली कार्ड पाठवलं, ती वाचत असेल हो, राहू द्या. मी ते कार्ड पुस्तकात खूण म्हणून घातलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दाराजवळच्या मुलीची आई बालवाडीत आली. मुलीला ताप होता, दोन दिवस येणार नाही, एवढंच सांगायला कामावर जाता जाता थांबली होती. आयतीच सापडली म्हणून मी तक्रारीचं गाठोडं सोडलं. मुलगी बोलत नाही, गात नाही, हजेरीला तोंड उघडत नाही, घरी ठेवून बघा वर्षभर. बाई माझ्याकडे बघतच राहिली.

“बोलत न्हाई? घरी तर आमचे कान किटले,” ती म्हणाली. “तांब्या, वाट्या, डबं, समद्यांना रांगेत बसवती अन् तुमच्यावानी हजेरी घेती. तुमची समदी गानी येत्यात तिला. तुमच्यावानी डोळं बी वटारती.”

मावशी मागे तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही हसले असते. पण ती पुढे म्हणाली, “आन् एक फुलपात्र हाय, त्याला उंबऱ्यापाशी बसवती. त्याला म्हनती, तू नको बोलू, नुसतं बस. तू हजरच हाय.”

ती गेली. मी कपाटातून हजेरीपट काढला आणि जूनपासूनच्या पेन्सिलीच्या सगळ्या खुणा शाईने गिरवल्या. पहिल्या पंधरा फुल्या मात्र शाईच्या होत्या. त्या खोडल्या तर खाडाखोड दिसते, म्हणून तशाच राहिल्या. त्या पोरीला सहा महिने मी काही शिकवलं नव्हतं असं मी समजत होते, आणि ती रोज घरी जाऊन माझी बालवाडी माझ्यापेक्षा बरी चालवत होती. मला फार वाईट वाटलं. आणि त्या वाईट वाटण्यातच नेवाशाकडची ती सहावी आठवली, जिच्या तोंडावर मी दार लावून आले होते.

मी तिला कार्ड टाकू शकले असते. पण चौघींना कार्ड टाकून केलेलं पाप पाचव्या कार्डाने फिटणार नाही असं वाटलं. रविवारी सकाळची नेवाशाची एसटी पकडली, तिथून जीपने तिचं खेडं गाठलं.

मला पाहून ती एवढी आनंदली की मी आणखीच ओशाळले. चहाआधी तिने मला हाताला धरून बालवाडीत नेलं. एकच खोली, खाली शेणाने सारवलेलं. खिडकीत मातीचे बैल आणि चुली वाळत होत्या. कोपऱ्यात चिंचोक्यांचा डबा होता, दाराशी हाताला येईल अशी घंटा टांगलेली होती. भिंतीवर खडूने माझं गाणं लिहिलं होतं आणि त्यात माझ्यापेक्षा एक कडवं जास्त होतं. तेही चांगलं होतं.

मग तिने एक लांबट वही पुढे केली. आमची सगळ्यांची सगळी पत्रं तिच्या वळणदार मराठी अक्षरांत उतरवलेली होती. ‘केडगावच्या ताई म्हणतात’, ‘कोपरगावच्या बाई म्हणतात’, अशी प्रत्येकीची ओळ सुरू होत होती. ‘मुलांना माती दिली’ यापुढे आधी एक प्रश्नचिन्ह होतं, मग ते खोडून समोर ‘खेळायला’ असं लिहिलं होतं. एवढ्या बायकांत ते वाक्य कुणाला न विचारता बरोबर वाचणारी ही एकटीच निघाली.

आईची औषधं आणायला ती महिन्यातून एकदा नगरला येत असे. एसटी स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात बसायची, एकेक अक्षर लावून वाचायची आणि उतरवून न्यायची. मी विचारलं, मग लिहीत का नाहीस? ती पदराशी चाळा करू लागली.

“वाचता येतं हो ताई, हळूहळू. लिहायला हात धजत न्हाई. तुमी समद्या हुशार, माझं काय चुकलं तर?” ती म्हणाली. मग आवाज एकदम खाली आणून तिने सांगितलं की परवा ती गेली होती तेव्हा ते उघडलंच नाही. तीनदा चिऊकाऊ टाकलं. “माझ्या हातानं कायतरी बिघडलं. तुमाला कसं सांगावं कळंना.”

मी सांगितलं की तिच्या हातून काही बिघडलेलं नाही. पासवर्ड मी बदलला होता, ती लिहीत नव्हती म्हणून. ठरवून, चौघींना कळवून.

तिने मला चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावरून ओझं उतरल्याचं दिसलं, आणि ती म्हणाली, “मग बरं झालं. मला वाटलं, माझ्यामुळं समद्यांचं मोडलं.”

असलं ‘बरं झालं’ मला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. नवा शब्द मी तिला कागदावर लिहून दिला. तिने तो एकेक अक्षर लावून वाचला, बो-ला-म-ग, आणि हसली. तिला वाटलं, मी तिला धीर द्यायला तो शब्द निवडलाय. तेवढं मात्र मी तिला खरं सांगितलं नाही.

संक्रांतीनंतर ती नगरला आली तेव्हा मी तिला सरांच्या क्लासात घेऊन गेले. मोडेम रडून शांत झाला. मी शेजारी बसले आणि हात मांडीखाली दाबून धरले, कारण माझे हात आपोआप दुसऱ्याच्या कामात जातात. तिने एका बोटाने पाच इंग्रजी अक्षरं लिहिली. त्यातलं ‘जे’ सापडायला तिला इतका वेळ लागला की सर दोनदा डोकावून गेले. पत्र गेलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

माझ्या बालवाडीतली ती मुलगी त्या वर्षी अखेरपर्यंत एक शब्द बोलली नाही. मी तिचं नाव पुकारायची, ती माझ्याकडे बघायची, मी शाईने हजर लिहायची. आमच्या दोघींचं उत्तम चाललं होतं.

पुढच्या शनिवारी मी पत्रपेटी उघडली तर सहावीच्या त्या पाच अक्षरांना चौघींची चार उत्तरं आली होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, वाचणारीने आपल्या नशिबाने वाचायचं. एकीने विचारलं होतं, हजार काय? दुसरीला वाटलं हजार मुलं झाली की काय बालवाडीत. तिसरी म्हणाली, तुलाही हजार शुभेच्छा. कोपरगावच्या बाईंना वाटलं, तिळगुळाचे हजार लाडू.

मी सगळ्यांना मिळून एकच ओळ लिहिली. हजार नव्हे गं बायांनो, आपण हजेरी घेतो तेव्हा पोरं म्हणतात ते.